खमीसच्या बाजारातला मेक्सिकन तोडा

सौदीत नर्स म्हणून नोकरी केली, असं सांगितलं की मिरजेत मला दोनच प्रश्न विचारतात: सोनं किती आणलंस, आणि तिथला उकाडा सोसलास कसा? तिथे डोंगर आहेत, ऑगस्टमध्ये अंगावर शाल घ्यावी लागते, भर दुपारी धुक्यात गाडीचे दिवे लावावे लागतात, हे सांगायला गेलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो. म्हणून हे लिहायला बसले. दुसरंही एक कारण आहे. त्या प्रवासात ज्यांनी ज्यांनी हात दिला, त्यांतल्या बहुतेकांना मराठी येत नाही, आणि आभार मानायचं माझं अरबी तेव्हाही तोकडं होतं. निदान इथे तरी मानते.

जेद्दा

तेलाच्या पैशाचे दिवस होते. आज मोकळी दिसलेली जागा थोड्याच दिवसांत काँक्रीटची होई. बंदरात माल उतरवायला जागा नाही म्हणून बाहेर समुद्रात जहाजं ताटकळत उभी असत, आणि रात्री त्यांचे दिवे पाहून वाटे, पाण्यावरच दुसरं शहर वसलंय.

आमच्या इस्पितळात चारी दिशांच्या नर्सेस होत्या. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात माझ्याबरोबर एलेना होती. ती जन्माने मेक्सिकोची, वाढली अमेरिकेत, टेक्सासला. आमचं दोघींचंही इंग्रजी उसनं, त्यामुळे एकमेकींचं नीट कळे. इस्पितळाची बस आठवड्यातून एकदा आम्हाला बाजारात सोडायची. बाकीच्या जणी थेट सोन्याच्या गल्लीत घुसत. एलेना मात्र जुन्या चांदीच्या दुकानांसमोर उभी राहायची, एकेक डागिना उलटा करून आतल्या बाजूने बघायची आणि काहीही न घेता बसमध्ये येऊन बसायची. कुणी अमेरिकन बाई पेशंटला भेटायला आली की ही आधी तिच्या मनगटाकडे बघणार. मला वाटायचं, सवय असते एकेकाची.

रमजान ईदच्या सुट्टीत डोंगरात जायची कल्पना दाऊदभाईंची. हे इस्पितळाचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. त्यांची बायको झैनबभाभी तेव्हा जेद्दातच होती. दोन नर्सेसनी एकट्यादुकट्या जायचं म्हणजे परवानगीचा प्रश्न होता, पण भाभी बरोबर म्हटल्यावर मेट्रनबाईंनी प्रवासाच्या कागदावर सही केली.

"सिस्टर, तुमी फक्त गाडीत बसा," दाऊदभाई म्हणाले. "तायफ, अभा, खमीस, नजरान. जातो नि येतो. कोकनातला घाट चडलेला मानूस आहे मी, ह्यो डोंगर काय मोठा लागून गेला?"

तायफचा घाट

मक्केच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो. पाटी स्पष्ट असते: मुसलमानांनी सरळ जायचं, इतरांनी वळायचं. दाऊदभाई आणि भाभींना सरळ जाता आलं असतं, ईदचे दिवस होते, पण आमच्यासाठी ते वळले. वळणावर भाभींनी काच खाली केली, मक्केच्या दिशेने तोंड करून दोन्ही हात उचलले आणि दुआ मागितली. मी विचारलं, "काय मागितलंत?" म्हणाल्या, "तुमची पन नावं घेतली गो बाय. अल्लाला काय, गाडीत कोन कोन हाय ते दिसतंयच."

पुढे घाट. आमची जुनी स्टेशन वॅगन निम्म्यावर चढली आणि रेडिएटरने शिट्टी मारली. दाऊदभाईंनी बोनेट उघडलं, आम्ही तिघी कठड्यावर बसलो. भाभींनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि सांदणांचा डबा काढला. एलेनाने सुकटीचा वास घेतला आणि "आमच्याकडेही वाळवलेली कोळंबी असते" म्हणत बोट भरून चटणी चाटली. तेवढ्यात घाटातली माकडं आली. ही माकडं आपल्याकडच्यासारखी लाजरी नव्हेत. मानेभोवती आयाळ, चेहरा सावकाराचा. त्यांतल्या सर्वांत मोठ्याने आमच्याकडे शांतपणे पाहिलं, सांदणांचा डबा उचलला आणि झाकण उघडून तिथेच बसून सगळी सांदणं खाल्ली. भाभी त्याला अस्सल कोकणीत शिव्या घालत होत्या. शेवटी त्याने डबा खाली टाकला तेव्हा दाऊदभाई म्हणाले, "रिकामा डबा परत देतो म्हंजे खानदानी हाय!"

तायफला पोचलो तर हवा एकदम हलकी. रस्त्याच्या कडेला बर्फाच्या लादीवर बोंडं मांडून विकत होते. फड्या निवडुंगाची बोंडं! तिथे त्यांना बर्शूमी म्हणतात. एलेना चालत्या गाडीतून उतरते की काय असं झालं. "नोपाल!" ती तिच्या भाषेत ओरडली. विकणारा पोरगेला माणूस सुरीने दोन रेघा मारून काट्यासकट साल सोलायचा आणि आतला गर पुढे करायचा. मी सांगितलं, आमच्याकडे याची कुंपणं असतात, लहानपणी आम्ही बोंडं खाऊन लाल तोंडाने घरी जायचो आणि मार खायचो. एलेना म्हणाली, "मूळचा आमचाच आहे तो. तुमच्याकडे कधी गेला, इथे कधी आला, कुणास ठाऊक."

खाता खाता तिने वडिलांची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं, त्या फळानेच तिला बोलतं केलं असावं.

तिचं गाव टास्को. डोंगरउतारावर वसलेलं, चांदीच्या खाणींचं. गल्लोगल्ली चांदीकाम करणाऱ्यांचे कारखाने. तिचे वडील आउरेलियो अशाच एका मोठ्या कारखान्यात होते. हात तर चांगला होताच, पण त्यांची खरी ताकद नव्या घडणी सुचण्यात होती. कागदावर काढायचे, मग पत्र्यात उतरवायचे. त्यांची एक घडण फार चालली. मनगटावरचा रुंद तोडा, बिजागरीने उघडणारा. त्यावर मक्याची कणसं, पानं अर्धवट सोललेली, आतून चांदीच्या रव्यांचे दाणे. उत्तरेकडून येणाऱ्या अमेरिकन बायका तो हौसेने घेत. तोड्याच्या आत कारखान्याचा शिक्का असे, मालकाच्या नावाचा. आउरेलियोंनी एकदाच मागणी केली: शिक्क्याच्या शेजारी माझं एक अक्षर असू दे. मालक म्हणाला, हात तुझा असेल, नाव माझं चालतं. ते काम सोडून बाहेर पडले. घडण कारखान्यातच राहिली, पुढेही विकली जात राहिली. हे कुटुंब सरहद्द ओलांडून टेक्सासला गेलं. तिथे चांदी नव्हती. वडिलांनी उरलेलं आयुष्य मोटारींच्या बंपरना मुलामा चढवण्यात काढलं.

"घरात त्यांच्या हातचं काही?" मी विचारलं.

"काही नाही. विकायची वस्तू घरात कोण ठेवतं?" ती म्हणाली. "तो तोडा मी लहानपणी खूप पाहिला. शेकडो अमेरिकन बायकांकडे असेल. तेलाच्या नोकरीत नवऱ्यांबरोबर त्यांतल्या किती जणी इकडे आल्या! म्हणून बघत असते. बाबा गेल्यापासून बघते आहे."

माझं आजोळ हुपरीचं. मामांच्या घरी पैंजणं घडतात. सुट्टीत मी घुंगरांच्या ढिगात बसून खेळले आहे. त्या पैंजणांवर मामांचं नाव असावं असं मला कधी सुचलंही नव्हतं. एलेनाचं ऐकून मी हातातलं बोंड तसंच धरून बसले.

अभा

तायफपासून दक्षिणेला डोंगराच्या माथ्यामाथ्याने रस्ता जातो. वाटेतली गावं दगडी, घरांशेजारी उंच दगडी बुरूज, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं. शेतात चक्क ज्वारी होती. अभाच्या अलीकडे दुपारी धुकं उतरलं आणि मला पन्हाळ्यावर असल्यासारखं वाटलं. तिथल्या घरांच्या मातीच्या भिंतींवर पातळ दगडांच्या आडव्या झालरी बसवलेल्या असतात, पावसाचं पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेर पडावं म्हणून. आतल्या भिंती बायका स्वतः रंगवतात, लाल, हिरव्या, निळ्या रेघांनी.

आम्ही उतरलो होतो दाऊदभाईंच्या गाववाल्या शिंप्याकडे. त्याच्या घरमालकिणीने सकाळी आमच्यासाठी अरीका पाठवला: गरम भाकरी कुस्करून, मध्ये खळगा करून त्यात तूप आणि मध. हाताने खायचा. माझ्या आईने केलेला पोळीचा कुस्करा आठवून मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. ज्या बाईने तो केला तिला मी पाहिलंही नाही. ताट तेवढं दाराशी आलं आणि धुऊन परत गेलं. तिचेही आभार.

खमीस मुशैत

खमीस म्हणजे गुरुवार. गुरुवारच्या बाजारावरूनच गावाचं नाव पडलं. अभाहून जवळच आहे. बायकांचा बाजार वेगळा भरतो, तिथे विकणाऱ्या बायकाच असतात: तुपाचे बुधले, मध, तुळशीसारख्या वासाच्या जुड्या, रंगीत गवताच्या टोपल्या, आणि जुनी चांदी. घरोघरी सोनं येत होतं, म्हणून आजीच्या काळची चांदी बाहेर पडत होती. कमरपट्टे, ताईत, घुंगरांच्या माळा, सगळं फडक्यावर ढीग घालून मांडलेलं.

दाऊदभाई बाजाराच्या तोंडाशी गाडीपाशी थांबले. आम्ही तिघी आत गेलो. एका कोपऱ्यात तुळशीच्या जुड्या घेऊन एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर ठेवलेला.

मी तो हात पाहिला. कोपरापर्यंत सुजलेला, लाल, चकाकणारा. बोटांची टोकं निळसर. मनगटावर चांदीचं काहीतरी रुतलेलं.

त्याच क्षणी एलेनाने माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळले. तिने तो तोडा पाहिला होता.

मक्याची कणसं. अर्धी सोललेली पानं, आत रव्यांचे दाणे.

ती खाली बसली. मला वाटलं, आता हिला रडू फुटणार. पण तिने तोड्याला हात लावला नाही. म्हातारीच्या बोटाचं नख दाबून सोडलं आणि रंग परत येतो का ते पाहिलं. रंग येईना, बोटांत रक्त पोचत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात आम्ही एकमेकींकडे असंच बघायचो.

भाभींनी विचारपूस केली; त्यांचं बोलणं मी एलेनाला इंग्रजीत सांगायची आणि तिचं त्यांना मराठीत. भाभींचं अरबी जेद्दाचं, म्हातारीचं डोंगराकडचं, त्यामुळे दोघी आधी एकमेकींवर वैतागल्या. पण कळलं ते असं: बाईला उम्म सईद म्हणतात, म्हणजे सईदची आई. बर्शूमी तोडताना काटा मनगटापाशी शिरला. काटा निघाला नाही, हात सुजत गेला. तोडा काही निघेना. मुलगा सैन्यात, लांब. सुनेने कापून काढू म्हटलं तर हिने नकार दिला.

"का?" मी विचारलं.

भाभींनी सांगितलं, "म्हनते, हे बक्षीस हाय. इकडं अमेरिकन लोक काम करायला आले होते, त्यातल्या एकाच्या बायकोला वाटेतच कळा लागल्या. हिनं बाळंतपन केलं. त्या बाईनं हातातला काडून हिच्या हातात घातला. म्हनते, पोर जगलं, मी ह्ये तोडू कशी?"

एलेनाने तोड्याच्या कडेला चाचपून पाहिलं. पेच सुजेखाली गाडला गेला होता. तो कुठे दाबायचा ते तिला माहीत होतं, पण बोट तिथे पोचेना. फक्त वरच्या बाजूला, मधल्या कणसाखाली, जेमतेम फट होती.

ती भाभींना म्हणाली, "तिला सांग, हे माझ्या वडिलांनी बनवलंय. मी त्यांची मुलगी आहे. मी सांगते आहे, कापू दे."

भाभी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ते सांगितलं. उम्म सईदने पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. एलेनाच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दुखरा हात उजव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला.

मी धावत गाडीपाशी गेले. दाऊदभाईंच्या पेटीत करवतीचं पातं होतं. ते म्हणाले, "मीच येतो कापायला," आणि लगेच थांबले. परक्या बाईचा हात, बायकांचा बाजार. त्यांनी पातं फडक्याने पुसून माझ्या हातात दिलं. "तुमीच कापा सिस्टर. सावकाश. चांदी मऊ असते, पातं घसरतं."

भाभींच्या डब्यातल्या चमच्याचा दांडा मी तोड्याखाली सरकवला, कातडी वाचावी म्हणून. म्हातारीने दातात ओढणीचं टोक धरलं. भाभी वरून थोडं थोडं पाणी सोडत होत्या. मी हात धरला आणि एलेनाने पातं चालवलं, मधल्या कणसावरूनच, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. रव्यांचे दोन दाणे तुटून फडक्यावर पडले. पातं चमच्याला घासल्याचा आवाज आला तेव्हा तिने ते खाली ठेवलं, दोन्ही कडा धरून जोर लावला आणि बिजागरी कुरकुरत उघडली. खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, पट्ट्यासारखी. हळूहळू बोटांवर रंग चढू लागला.

म्हातारीने मोठ्याने अल्लाचं नाव घेतलं. शेजारच्या टोपलीवाल्या बायकांनीही घेतलं.

तिला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. इजिप्तचे डॉक्टर होते. त्यांनी पू काढला, काट्याचा तुकडा काढून आम्हाला दाखवला, इंजेक्शन दिलं. बोटं हलवायला लावली आणि आमच्याकडे वळून समाधानाने मान डोलावली. मी भिंतीला टेकून खाली बसले.

एलेनाने उघडा तोडा रुमालात गुंडाळून म्हातारीच्या उशाशी ठेवला. म्हातारीने तो परत तिच्या हातात दिला.

"म्हनते, नजरानला चाललात ना, तिकडं सोनार हायत. जोडून आना," भाभी म्हणाल्या.

"ओळख ना पाळख, आणि माझ्या हातात देते?" एलेनाने विचारलं.

भाभींनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "देते तर घे."

नजरान

डोंगर उतरून वाळवंटाच्या कडेला यावं तसं नजरान येतं. खजुरीच्या बागा, त्यांतून वर आलेले मातीचे उंच वाडे, गच्चीच्या कडा पांढऱ्या चुन्याने रेखलेल्या. बाजारात कमरेला वाकडे खंजीर लावलेली माणसं. त्या खंजिरांच्या चांदीच्या म्यानांवरचं रव्यांचं काम पाहून एलेना प्रत्येक माणसापुढे थबकायची आणि दाऊदभाई तिला पुढे ढकलायचे, "अवो, लोकांच्या कमरेकडं काय बगताय, चला!"

सालेह नावाच्या म्हाताऱ्या सोनाराचं नाव सगळे सांगत होते. दुकान म्हणजे एक खोली, आत शेगडी. कोपऱ्यात जुन्या चांदीचा ढीग: पैंजणं, हसळ्या, ताईत, सगळे चेपलेले.

त्याने तोडा हातात घेतला आणि परत केला. "मी आता जोडत नाही. वितळवतो."

"का?" एलेनाने विचारलं, भाभींकरवी.

"डोळे गेले. वितळवायला डोळे लागत नाहीत."

आम्ही निघायला हवं होतं. भाभी उठल्याही. एलेना मात्र तिथेच मांडी ठोकून बसली. म्हणाली, "माझे आहेत. तुम्ही सांगा, मी बघते."

म्हातारा हसला. दात मोजकेच होते. त्याने तोडा पुन्हा मागून घेतला आणि या वेळी अंगठ्याने हळूहळू चाचपला, पानं, दाणे, बिजागरी. आतल्या शिक्क्यावर अंगठा थांबला.

"हे घडवणाऱ्याचं नाव?"

"नाही. मालकाचं."

त्याने जिभेने चक् केलं आणि शेगडीतली राख बाजूला सारली.

मग पुढचं मला मामांच्या घरातलं वाटत होतं. टाकणखाराचा तोच वास, फुंकणीचा तोच आवाज, निखाऱ्यांच्या जोरावर लाल होत जाणारी चांदी. फरक इतकाच की फुंकणी म्हाताऱ्याच्या तोंडात होती आणि चिमटा एलेनाच्या हातात. ती कडा जुळवून धरायची, तो बोटाने चाचपायचा, "अजून," म्हणायचा. जोडणीचा डाग, म्हणजे सांध्यावर ठेवलेला चांदीचा बारीक तुकडा, वितळून आत धावला ते तिला दिसलं आणि ती ओरडली. त्याने लगेच फुंकणी काढली. सुटलेले दोन दाणेही त्यांनी बसवले. एक थोडा तिरका बसला. म्हाताऱ्याने तो चाचपून विचारलं, "राहू दे?" एलेना म्हणाली, "राहू दे."

सांधा दिसत होता. कणसाच्या मधोमध बारीक रेघ, नखाला लागणारी. म्हाताऱ्याने मजुरी घेतली नाही. त्याऐवजी तो सांगू लागला आणि भाभी जमेल तसं आम्हाला सांगत गेल्या: त्याच्या तरुणपणी नवरी त्याच्याकडे यायची नाही, तिची आजी यायची. तीच सांगायची काय हवं ते. कितीतरी आज्या त्याला आठवत होत्या. आता त्याच आज्यांचे दागिने नातवंडं पिशवीत भरून आणून देतात. "आज बऱ्याच दिवसांनी मी काही मोडलं नाही," तो म्हणाला, आणि आमच्यासाठी वेलदोड्याची कॉफी मागवली.

परतीच्या वाटेवर एलेना पुढे न बघता खिडकीबाहेर बघत होती. वाळवंट संपून डोंगर सुरू झाले तेव्हा तिने रुमाल सोडला आणि तोडा मनगटात घातला. पेच दाबला, टक् असा आवाज झाला. हात मांडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत बसली. दाऊदभाईंनी गाडीचा वेग कमी केला, रस्ता मोकळा असूनही, आणि खमीसपर्यंत तसाच ठेवला.

गाव दिसू लागलं तशी तिने तोडा काढला, पुसला आणि पुन्हा रुमालात बांधला.

पुन्हा खमीस

उम्म सईद आता घरी होती. रंगीत भिंतींच्या खोलीत गाद्यांवर बसलेली, हाताला पट्टी, सूज बरीच उतरलेली. मी पट्टी सोडून जखम धुतली. ती दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटत होती, जणू दुखत मलाच होतं. सुनेने कॉफी आणि खजूर आणले. आम्ही येणार हे कळल्यामुळे शेजारपाजारच्या बायकाही जमल्या होत्या.

एलेनाने रुमाल पुढे केला. उम्म सईदने तोडा उजव्या मनगटात घालून घेतला, सांध्यावरून बोट फिरवलं. मग कणसावर बोट ठेवून म्हणाली, "धुरा." धुरा म्हणजे त्यांची ज्वारी. एलेना म्हणाली, मका. मी म्हणाले, आमच्याकडे पण ज्वारीच म्हणतील. भाभींनी हे तिन्ही सांगितलं तेव्हा खोलीत हशा पिकला.

"तुझ्या वडिलांचं नाव काय?" उम्म सईदने विचारलं.

"आउरेलियो."

तिने प्रयत्न केला. बाकीच्या बायकांनीही केला. प्रत्येकीच्या तोंडून वेगळंच काहीतरी निघालं आणि पुन्हा हसू झालं. एलेनाही हसली, पण तिचा चेहरा जरा उतरला. मला दिसला.

"भाऊ आहे तुला?" म्हातारीने विचारलं.

"नाही. मी एकटीच."

"मग झालं तर." म्हातारीने हात हवेत उडवला, जणू एवढी सोपी गोष्ट आधी कुणाला कशी सुचली नाही. "अबू एलेना."

एलेनाने भाभींकडे पाहिलं. भाभी म्हणाल्या, "अबू म्हंजे बाप. इकडं मानसाला पोराच्या नावानं हाक मारतात, इज्जतीची हाक. तुजा बाप हितं अबू एलेना."

कॉफीची वाटी एलेनाने दोन्ही हातांत धरून ठेवली.

त्यानंतर जी बाई आत येई तिच्यापुढे उम्म सईद मनगट धरी आणि सांगे, हे अबू एलेनाचं काम. मग ती बाई एलेनाकडे वळून बघे, आणि दोन शब्द बोलून तिच्या डोक्यावरून हात फिरवी. हे बराच वेळ चाललं. दाऊदभाईंनी बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला, तायफपर्यंत पोचायचं होतं. आम्ही उठू लागलो की कुणीतरी खांद्याला धरून खाली बसवी.

शेवटी आम्ही खरंच उठलो आणि चपला शोधू लागलो, तेवढ्यात अंगणातून आवाज आला. कुणी नवीन बाई होती, आमच्यातल्या कुणीच तिला अजून पाहिलं नव्हतं, या खोलीत तिला कुणी काही सांगितलेलंही नव्हतं. धापा टाकत, दाराबाहेरूनच ती विचारत आली, "अबू एलेनाचा तोडा कुठाय? मला बघू द्या."

एलेनाने हातातली चप्पल खाली ठेवली, परत गादीवर जाऊन बसली आणि तिच्यासाठी जागा करून दिली.